चुकांची वही

पोरगा अडचणीत आहे हे बापाच्या आधी मेसवाल्याला कळतं. लातूरच्या उद्योग भवन परिसराला सगळे ट्यूशन एरिया म्हणतात. तिथून जवळच आमच्या घरी बरीच वर्षं मेस चालते. मेस पत्नी बघते, पोरं तिला काकू म्हणतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि संध्याकाळी वाढायला उभा राहतो. नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिव, पलीकडे बिदरपर्यंतची पोरं इथं नीट आणि जेईईसाठी खोल्या करून राहतात. त्यांच्यापैकी कोणाचं बिनसलंय हे मार्कांच्या आधी जेवणातून दिसतं. पहिल्यांदा खाडे वाढतात. मग पोरगा दोन वेळचा डबा एक वेळेवर आणतो. मग महिन्याचे पैसे ‘पुढच्या सोमवारी’ देतो म्हणतो, आणि पुढच्या सोमवारी मागच्या दाराने निघून जातो.

पूर्वी याचं कारण एकच असायचं. घरून पैसे आलेले नसायचे, कारण सोयाबीन आडतीवर पडून असायचं किंवा पावसात गेलेलं असायचं. काकू अशा पोराला कधी विचारत नसे. गेल्या काही वर्षांत दुसरं कारण आलं. घरून पैसे एक तारखेला येतात, तरी मेसचे थकतात.

असाच एक मुलगा देगलूर तालुक्यातला होता. रिपीटर, म्हणजे नीटचा दुसरा प्रयत्न. तीन महिन्यांचे पैसे थकले आणि सलग नऊ दिवस खाडा पडला, तेव्हा मी त्याच्या खोलीवर गेलो. खोलीत टेबल नव्हतं. लोखंडी पेटीवर दोन वह्या होत्या, दोन्ही सारख्या जाडीच्या. पहिली मला ओळखीची होती. आमच्याकडे प्रत्येक क्लासवाला पोरांना चुकांची वही ठेवायला लावतो. पानावर पाच रकाने आखायचे: तारीख, टेस्ट, चुकलेला प्रश्न, कारण, उपाय. त्याची ती वही नीटनेटकी होती, अक्षर मोत्यासारखं. मी दुसरी उघडली. तिच्यातही पाच रकाने होते. तारीख, मॅच, गेलेली रक्कम, कारण, उपाय.

‘कारण: टॉसनंतर टीम बदलली नाही. उपाय: सात वाजता फोनजवळ बसणे.’ ‘कारण: दवाचा विचार केला नाही. उपाय: पिच रिपोर्ट दोनदा वाचणे.’ एका ओळीत नुसतं ‘कारण: घाई. उपाय: शांत डोक्याने लावणे’ एवढंच होतं, आणि तिच्या शेजारच्या रकान्यात बावीस हजार. सुरुवातीच्या पानांवर आकडे एकोणपन्नास रुपयांचे होते, फँटसी टीम लावण्याचे. मधल्या पानांवर कोणीतरी व्हॉट्सॲपवर सट्ट्याच्या ॲपची ‘आयडी’ दिल्याची नोंद होती. तिथून पुढे आकडे हजारांत गेले होते. शेवटच्या पानावर त्याने बेरीज मारली होती. पावणेदोन लाख.

त्या दिवसापासून मी सट्टेबाजीच्या वादाकडे त्या वहीतून बघतो. ऑनलाइन सट्टा कायदेशीर करावा की नाही, यावर दिल्ली-मुंबईत जे बोललं जातं त्यात कर, काळा पैसा, व्यक्तीचं स्वातंत्र्य हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. इकडच्या पारावर ‘पोरं हावरट झाली’ एवढं म्हणून विषय संपवतात. मला दोन्ही पटत नाही. त्या वहीत हाव कुठेच नव्हती. होता तो अभ्यास. आम्ही त्याला जो अभ्यास शिकवला तोच.

लातूर पॅटर्न म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्यांना नुसत्या गुणवत्ता याद्यांवरून कळत नाही. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांनी दुष्काळी भागातल्या, घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या पोरांना एक गोष्ट पटवून दिली: तू कोणाचा कोण आहेस याला महत्त्व नाही, सराव कर, चूक शोध, दुरुस्त कर, पुन्हा सराव कर, नंबर येईल. ही साधी गोष्ट नव्हती. ज्या मातीत सगळं पावसावर आणि नशिबावर सोडून द्यायची सवय होती, तिथे हा विश्वास रुजवायला पिढी खर्ची पडली. पुढे नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात तेच उभं राहिलं. माझा स्वतःचा त्यावर विश्वास आहे, मी त्यावरच जगतो. आणि सट्ट्याच्या धंद्याने नेमका हाच विश्वास उचलला. जाहिरात असं म्हणत नव्हती की नशीब आजमाव. ती म्हणत होती, तुला क्रिकेट कळतं ना, मग डोकं लाव, टीम बनव, रँक मिळव. रँक हा शब्दसुद्धा आमचाच. नीटची परीक्षा सहसा मे महिन्याच्या सुरुवातीला, तेव्हा आयपीएल ऐन भरात. एका पेटीवर दोन वह्या शेजारी शेजारी भरत गेल्या.

या धंद्याला कायद्यात जागा मिळाली तीही ‘कौशल्य’ या एका शब्दावर, आणि त्या शब्दाची वाट आपल्याच जुन्या राज्यातून जाते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात फसली सन १३०५ चा, म्हणजे १८९५-९६ चा, जुगारबंदीचा कायदा होता. नांदेड, धाराशिव, लातूर हा सगळा भाग तेव्हा त्या संस्थानात होता. कौशल्याच्या खेळाला त्या कायद्यात सूट होती. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर त्याच कायद्याखाली खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९६७ साली न्यायालयाने सांगितलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कोणते पत्ते पडले हे लक्षात ठेवावं लागतं, कोणता धरायचा, कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं. पुढे १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींनाही कौशल्य म्हटलं गेलं. मग पंजाब-हरियाणा आणि मुंबई उच्च न्यायालयांनी फँटसी क्रिकेटलाही तेच लावलं. ऑनलाइन रमीची प्रत्येक कंपनी १९६७ चा निकाल पुढे करत आली.

पण त्या निकालाचा एक भाग कोणी जाहिरातीत सांगितला नाही. त्याच न्यायमूर्तींनी पुढे असंही म्हटलं होतं की, ज्याच्या घरात किंवा क्लबात खेळ चालतो तो मालक त्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे दोन प्रश्न होते. खेळणाऱ्याला अक्कल लागते का, हा एक. खेळवणारा कशावर जगतो, हा दुसरा. पन्नास वर्षं आपण पहिल्याच प्रश्नाचा कीस काढत बसलो.

खेळवणारा कशावर जगतो हे समजायला गणिताचा मास्तर लागत नाही, तरी मी वर्गात ते फळ्यावर करून दाखवतो. संभाव्यतेच्या धड्याला आता मी नाणेफेक घेत नाही, थेट बुकीचा भाव घेतो. बुकी एका संघाचा भाव ‘८०-८२’ असा बोलतो. त्या संघावर हजार लावले तर जिंकल्यावर आठशे मिळतात. त्याच संघाविरुद्ध जाऊन, म्हणजे ‘खाऊन’, हजार कमवायचे असतील तर हरल्यावर आठशे वीस द्यावे लागतात. मधले दोन पैसे बुकीचे. लगवाडीचा आणि खायवाडीचा पैसा सारखा ठेवला की मॅच कोणीही जिंको, त्याला फिकीर नाही. परदेशी ॲपवर हेच वेगळ्या कपड्यात असतं: दोन्ही बाजूंना १.९० चा भाव. दोन पोरांनी समोरासमोर हजार-हजार लावले की दोन हजार जमा होतात, जिंकणाऱ्याला एकोणीसशे मिळतात. शंभर रुपये ॲपचे. आयपीएलच्या चौऱ्याहत्तर मॅचना प्रत्येकी हजार लावले तर चौऱ्याहत्तर हजारांची उलाढाल होते आणि सरासरीने तीन हजार सातशे जातात. पण एका मॅचला एकदाच लावून कोण थांबतं? फोनवर प्रत्येक षटकाला, प्रत्येक चेंडूला भाव असतो. पैसा जितका फिरेल तितकी कात्री चालते.

इथे वर्गात एकदा एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, “सर, पण दोघांनी खूप अभ्यास केला तर?” मी म्हटलं, दोघांनीही पीएचडी केली तरी दोन हजारांचे एकोणीसशेच होणार. एकाचा अभ्यास दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर तो दुसऱ्याचे पैसे खाईल, एवढंच. त्यावर ती म्हणाली, “मग नीटचंही तसंच आहे की, सर. माझी सीट म्हणजे कोणाचीतरी गेलेली सीट.”

त्या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. घरी आल्यावर बराच वेळ तो डोक्यात राहिला. नीटमध्ये हरलेल्या पोराकडे शिकलेलं जीवशास्त्र उरतं, तो फार्मसीला जातो, नर्सिंगला जातो, गावात मास्तर होतो. सट्ट्यात हरलेल्याकडे पिच रिपोर्ट उरतो. शिवाय परीक्षा घेणाऱ्याचं पोट पोराच्या नापास होण्यावर चालत नाही. हे उत्तर मी तिला दिलं. पण खरं बोलायचं तर ते पुरतं उत्तर नाही, कारण पोरगा नापास झाला की तो रिपीटर होतो, पुन्हा फी भरतो, पुन्हा मेस लावतो. आमच्या गावातले कितीतरी संसार त्या दुसऱ्या वर्षावर चालतात, माझ्यासकट. पोराला आम्ही ‘अजून एकदा, या वेळी होईल’ म्हणतो तेव्हा आम्ही त्याच्या भल्यासाठी म्हणतो की आमच्या, हे दर वेळी स्वतःला विचारायला हवं. सट्ट्याचं ॲपही हेच म्हणतं. पोराच्या कानाला दोन्ही वाक्यं सारखीच ऐकू येत असतील, तर दोष एकट्या त्याच्या कानाचा नाही.

देगलूरच्या मुलाचे वडील आले ते आडतीची पट्टी खिशात घेऊन. सोयाबीनची हमाली, तोलाई, आधीची उचल कापून हातात काय पडलं ते त्या चिटोऱ्यावर लिहिलेलं. त्यांनी मुलाला मारलं नाही, रागावलेही नाहीत. चहा घेतला, बशी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, “सर, पैसे गेले ते गेले. पण घेतले कोणी? कोणी तर घेतलेच असतील की.”

मी या प्रश्नाइतका नेमका प्रश्न कोणत्याही समितीच्या अहवालात वाचलेला नाही. माझं गाव मुखेड तालुक्यातलं. लहानपणी पोळ्याच्या आसपास गावाबाहेरच्या चिंचेखाली तिर्रट चालायचा, झन्ना-मन्ना चालायचा. जत्रेत सोरट असायचं. तालुक्याला मटक्याची चिठ्ठी घेणारा टपरीवर बसायचा, कल्याण आणि मिलनचे आकडे सांगायचा. त्या काळाचं मी कौतुक करत नाही. ओपन-क्लोजच्या नादात बैलजोडी विकलेली घरं मला ठाऊक आहेत. पण तिर्रटमध्ये हरलेल्या माणसाला पैसे कोणाकडे गेले ते माहीत असायचं. जिंकलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर भेटायचा. हरलेल्याची बायको जिंकलेल्याच्या दारात जाऊन बसायची, तिने शिव्या दिल्या की गाव ऐकायचं आणि कधी कधी अर्धे पैसे परतही यायचे. पत्ते पिसायला वेळ लागायचा, कंदिलातलं रॉकेल संपायचं, सकाळी मोट धरायची असायची. या सगळ्या अडचणी म्हणजेच त्या जुगाराचे लगाम होते. फोनने एकेक लगाम काढून घेतला आणि समोरचा माणूसच नाहीसा केला. मुलाच्या वडिलांना मी काय सांगणार होतो? की पैसे आधी एका अनोळखी मुलाच्या बँक खात्यात गेले, जे त्याने महिन्याला काही हजारांवर भाड्याने दिलेलं असेल. तिथून ते पुढे गेले आणि शेवटी परदेशात कोणाकडे तरी पोहोचले? महादेव ॲपच्या प्रकरणात छत्तीसगडपासून दुबईपर्यंतचा हाच रस्ता तपास यंत्रणांनी मांडला आहे.

हे सगळं एवढ्या वेगाने कसं झालं, याचा विचार केला की मला २०१६ साल आठवतं. लातूरकर ते साल विसरणार नाहीत. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की महिनाअखेरीनंतरचे आयपीएलचे सामने दुष्काळामुळे महाराष्ट्राबाहेर हलवा. मैदानावर मारायचं पाणी आणि आमच्या घागरी एका तराजूत तोलल्या गेल्या, आणि घागर जड ठरली. आम्हाला तेव्हा बरं वाटलं होतं. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत न्यायमूर्ती लोढा समितीने क्रिकेटवरील सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षी यूपीआय आलं, सप्टेंबरात जिओचं जवळजवळ फुकट इंटरनेट आलं. सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि दोन वर्षांत ते प्रत्येक खिशात परत आले, या वेळी पैशाच्या खिडकीसकट.

लोढा समितीतली माणसं भोळी नव्हती. २०१३ च्या आयपीएलमधल्या फिक्सिंगची घाण त्यांनी बघितली होती. त्यांचं म्हणणं, आणि आजही कायदेशीर करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं, थोडक्यात असं: सट्टा थांबत नाही, तो फक्त अंधारात जातो, अंधारात गुंड पोसले जातात, उजेडात आणला तर नोंद होईल, कर मिळेल, संशयास्पद पैसा दिसेल, खेळणाऱ्याला दाद मागता येईल. यातलं शेवटचं मला सगळ्यात खरं वाटतं. माझ्यासमोरचा मुलगा पोलिसांत जायला घाबरत होता, कारण त्याने स्वतः गुन्हा केलाय असं त्याला वाटत होतं. वसुलीवाले त्याच भीतीवर जगतात.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा विषय विधी आयोगाकडे दिला आणि आयोगाने २०१८ साली अहवाल दिला. बंदी हवीच, पण ती जमणार नसेल तर नियम करा, असा त्याचा सूर होता. आधार-पॅन जोडा, रोख व्यवहार नको, महिन्याला किती वेळा खेळायचं याला मर्यादा घाला. आणि एक अट अशी की, जे आयकराच्या कक्षेत नाहीत किंवा सरकारी अनुदान घेतात त्यांना खेळू देऊ नये. ती अट वाचून मी थबकलो. देगलूर-मुखेड-निलंग्याच्या गावांत ही अट लावली तर जवळपास सगळं शिवार बाहेर जातं. आयोगाला जे उघड म्हणायचं नव्हतं ते या अटीने म्हटलं: हा असा माल आहे की जो गरिबाच्या हातात द्यायचा नाही. मग तो विकायला परवानगी देताना गिऱ्हाईक कोण असेल याचा विचार केला का? आयकर भरणारा डॉक्टर मजेखातर महिन्याला पाचशे लावेल आणि थांबेल. धंदा त्याच्यावर चालत नाही. थांबता न येणाऱ्यावर चालतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने संसदेत अंदाज सांगितला की सुमारे ४५ कोटी लोक ऑनलाइन पैशाच्या खेळांत वर्षाला वीस हजार कोटी रुपये गमावतात. भागाकार केला तर डोई साडेचारशे रुपयेही येत नाहीत. साडेचारशेत एकाचं आठवड्याचं जेवणही नीट होत नाही, मग एवढा आरडाओरडा का, असं कोणी म्हणेल. पण सरासरीत माझा पावणेदोन लाखांचा मुलगा बुडून जातो. गणित शिकवणाऱ्याने तरी सरासरीवर एवढा विश्वास ठेवू नये.

ब्रिटनने २००५ साली कायदा करून ऑनलाइन जुगाराला परवाना दिला. श्रीमंत देश, कडक नियामक मंडळ, नोंदीची सवय. तरी क्रेडिट कार्डावर, म्हणजे उसन्या पैशावर जुगार खेळायला बंदी घालायला त्यांना २०२० उजाडलं. मधल्या वर्षांत त्या कर्जाखाली कोण गेलं त्याची भरपाई झाली नाही. आपल्याकडे परवाना दिला तर नियम कोण पाळायला लावणार? जो फौजदार आज मटक्याची टपरी बघून पुढे जातो तोच ना? २०२३ च्या विश्वचषकात पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला फँटसी क्रिकेटवर दीड कोटी लागले. तो निलंबित झाला, पण आमच्या मेसमध्ये त्या रात्री चर्चा निलंबनाची नव्हती, दीड कोटीची होती. त्या एका माणसाची बातमी ही हजार जाहिरातींच्या तोडीची होती.

सरकारने कर घ्यावा, यालाही माझा विरोध आहे, आणि तो कराच्या रकमेसाठी नाही. ऑक्टोबर २०२३ पासून खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागला. पोराने भरलेल्या प्रत्येक रुपयात तेव्हापासून राज्याचा वाटा झाला. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून आहे, त्यामुळे हे नवं नाही असं म्हणता येईल. पण लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला कोणी असं सांगत नव्हतं की तुझं क्रिकेटचं ज्ञान कमी पडलं म्हणून हरलास. ज्या तिजोरीत हरणाऱ्याचा पैसा येतो, ती तिजोरी हरणाऱ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून किती मनापासून खटपट करेल?

बंदीच्या बाजूला मी आलो तो या वाटेने. पण बंदी म्हणजे काय, तेही आम्ही सीमेवरून बघितलंय. तेलंगणाने २०१७ सालीच ऑनलाइन पैशाचे खेळ बंद केले, कौशल्याचे धरून. धर्माबाद, बिलोली, देगलूर हे तालुके त्या सीमेला लागून. २०१८ साली इथल्याच काही गावांनी तेलंगणाच्या शेतकरी योजना बघून आम्हाला तिकडे घ्या अशी मागणी केली होती. योजना आली नाही, बंदीही आली नाही. बासरला फोनवर जी फँटसी टीम लावता येत नव्हती ती सीमा ओलांडून धर्माबादेत लावता येत होती. मात्र परदेशी ॲपची आयडी दोन्हीकडे मिळत होती. चंद्रपूरला २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. सरकारने सांगितलं की बेकायदा दारू वाढली. नुसत्या कायद्याच्या कागदावर जे लोक खूश होतात त्यांनी चंद्रपूरच्या बायकांना जाऊन विचारावं, आधी बंदी मागताना आणि मग ती उठताना त्यांच्या हातात काय होतं.

ज्या आठवड्यात ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला तो आठवडा मला वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. १७-१८ ऑगस्ट २०२५ ला माझ्या मुखेड तालुक्यात आभाळ फाटलं. लेंडी धरणाच्या भागात हसनाळ, रावणगाव पाण्याखाली गेली, माणसं वाहून गेली, लष्कर बोलवावं लागलं. मी रात्रभर फोन लावत होतो. २० तारखेला लोकसभेत विधेयक आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा असो वा नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे शेवटचं कलम वाचून मला त्या मुलाची आठवण झाली. १९६७ चा दुसरा प्रश्न अखेर कोणीतरी विचारला होता. त्या कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत, आणि पुन्हा कौशल्य या शब्दावर वाद होईल.

गावाकडे त्या दिवसांत कोणी तरी म्हणालंच, शेती हाच मोठा जुगार, त्याच्यावर बंदी घाला की आधी. माणूस चिखलात उभा राहून असं बोलतो तेव्हा त्याच्याशी वाद घालायचा नसतो. पण मला ते खरं वाटत नाही. ऋग्वेदात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे, त्यात शेवटी त्याला फासे सोडून शेत कसायला सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मुंबई राज्याच्या एका खटल्यात जुगार हा व्यापार नव्हे असं ठरवताना ऋग्वेदाचा आणि महाभारतातल्या द्यूताचा दाखला दिला. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला शेतीतला पाऊस माहीत नव्हता असं थोडंच आहे? तरी त्याने दोन्ही वेगळं धरलं. शेतातली जोखीम कोणीतरी घेतली म्हणून दुसऱ्याच्या ताटात वरण येतं. बुडालेल्या सोयाबीनचा सुद्धा बैलांना भुसा होतो.

मला जास्त टोचते ती गोष्ट लातूरातच घडली. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. लातूरला त्यांच्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांसमोर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते टाकले आणि त्यानंतर त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. पुढचे दहा दिवस मारहाण, राजीनामे, खातेबदल यावर गेले. कोकाटेंकडून कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. मेसच्या टीव्हीवर पोरं ते बघत होती. मंत्री खेळत होते की जाहिरात बंद करत होते यावर त्यांच्यात पैजा लागल्या. ज्या जाहिराती विधिमंडळात बसलेल्या माणसाच्या फोनवर आपसूक उघडतात, त्या सोळा वर्षांच्या पोराच्या फोनवर कशा आणि किती उघडत असतील, हा प्रश्न त्या दहा दिवसांत मी कुठे ऐकला नाही. पत्ते टाकणाऱ्यांच्या रागात तो होता. मारहाणीच्या बातमीत तो हरवला.

कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, भारतीय संघाच्या जर्सीवरचं नाव बदललं. आयडी मात्र टेलिग्रामवर मिळते. पोलिसांचं काम पोलीस करतील किंवा करणार नाहीत. माझ्या हातात वर्ग आहे आणि मेस आहे. वर्गात मी ८०-८२ चा भाव शिकवतो. पालकांच्या बैठकीत एकदा कोणी म्हणालं, सर, तुम्ही पोरांना सट्टा शिकवता. मी त्यांना फळ्यावरचे एकोणीसशे दाखवले.

देगलूरचा तो मुलगा दुसऱ्या प्रयत्नातही लागला नाही. नांदेडला बीएस्सी करतो. एक एकर गहाण पडली ती अजून सुटलेली नाही. मागच्या दिवाळीत तो मेसचे थकलेले पैसे द्यायला आला, काकूने घेतले नाहीत, मग त्याने गव्हाचं पोतं आणून टाकलं. जाताना मी त्याला विचारलं की तेव्हा कोणी काय केलं असतं तर तू आधी बोलला असतास. तो म्हणाला, “कोणी अभ्यास विचारायच्या आधी जेवलास का विचारलं असतं तर.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि नंबर. रात्री दोन वाजता लावता येईल असा कोणता तरी नंबर.”

असा नंबर आहे. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आमच्या जेवणघरात एक फळा आहे, काकू त्यावर रोजची भाजी लिहिते. आता भाजीच्या खाली तो नंबर असतो. एप्रिलमध्ये ती तो मोठ्या अक्षरात लिहिते.